रोजच्या गाडीला हाय-स्टॉल टॉर्क कन्व्हर्टर टाकताय? आकड्याच्या मागे लागू नका, गाडीचा हिशोब काढा

टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे बसणारा तेलाचा डबा, आणि स्टॉल म्हणजे गाडी ब्रेकवर धरून पूर्ण पाय दिला की इंजिन ज्या आरपीएमला अडकतं तो आकडा. स्टॉल किती घेऊ, २८०० का ३२००? जळगाव-धुळ्याकडची गाडीवेडी पोरं पहिला प्रश्न हाच टाकतात, आणि मी उलट विचारलं की भो, गाडीचं वजन किती, टायर कुठला, १०० च्या स्पीडला आरपीएमचा काटा कितीवर असतो, तर समोर एकदम शांतता. इथंच सगळा घोळ आहे. खोक्यावर जो स्टॉलचा आकडा छापलेला असतो तो कन्व्हर्टरचा एकट्याचा नसतोच, कुठल्यातरी एका इंजिनामागे, कुठल्यातरी वजनाच्या गाडीत मिळालेला तो आकडा असतो. तोच कन्व्हर्टर तुमच्या गाडीत बसवला की वेगळाच आकडा येणार. म्हणून आकडा मागू नका, गाडीची कुंडली घेऊन जा आणि बनवणाऱ्याला आकडा काढू द्या. ती कुंडली कशी काढायची आणि त्यात आपल्या खान्देशच्या उन्हाचं आणि घाटाचं काय करायचं, तेच इथं सांगतो.

आधी गाडीत टॉर्क कन्व्हर्टर आहे का ते तरी बघा. हसू नका, ऑटोमॅटिक म्हटलं की असतोच असं नाही. एएमटीत (मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच-गिअर मशीन हलवतं) नसतो, डीएसजी-डीसीटीत (दोन क्लचवाला गिअरबॉक्स) नसतो. व्हर्टस, स्लाव्हिया बाजारात आल्या तेव्हा १.० लिटरवाल्या ऑटोमॅटिकला टॉर्क कन्व्हर्टर होता आणि १.५ वाल्याला डीएसजी, म्हणजे एकाच गाडीचे दोन प्रकार आणि दोन्ही वेगळे. थार, स्कॉर्पिओ-एन, फॉर्च्युनर, इनोव्हा क्रिस्टा, हॅरिअर यांच्या ऑटोमॅटिकमध्ये असतो. काही सीव्हीटीतही (गिअरऐवजी बेल्टवर चालणारा गिअरबॉक्स) असतो, पण तिथं स्टॉल वाढवायच्या भानगडीत पडू नका, बेल्टलाच टेन्शन.

डिझेलवाल्यांनी इथंच थांबलं तरी चालेल. फॉर्च्युनर २.८ ऑटोमॅटिकचा ५०० न्यूटन मीटर टॉर्क १६०० आरपीएमलाच हजर असतो, मग तिला २८०० चा स्टॉल देऊन करणार काय? ज्या आरपीएमला इंजिनात दम नाही तिथून उडी मारून दम असलेल्या आरपीएमला लगेच पोचणं, हाय-स्टॉलचं काम एवढंच. दम खालीच असेल तर उडी मारून नुसतं तेल तापवायचं. स्टॉक, म्हणजे कंपनीने दिलेल्या तशाच टर्बो-पेट्रोलचंही तसंच, स्कॉर्पिओ-एन पेट्रोलला १७५० च्या आसपास पूर्ण टॉर्क मिळतो, रिमॅप केला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलली, तरी मोठा टर्बो टाकल्याशिवाय हाय-स्टॉलची गरज पडत नाही. मोठा टर्बो बसवला असेल, किंवा बिनटर्बोचं व्ही-८ असेल, कॅम (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलला असेल आणि खाली २००० पर्यंत गाडी मेल्यासारखी वाटत असेल, तर मात्र हा विषय तुमचा. २०१६ मध्ये भारतात आलेली ५.० लिटरची मस्टँग जीटी या जातीतली, ६ स्पीड ऑटोमॅटिकसोबत आलेली. आपल्याकडची बरीच पोरं नोकरीसाठी अमेरिकेत, दुबईत आहेत आणि तिकडं कॅमारो नाहीतर मस्टँग रोज ऑफिसला नेतात, त्यांना तर हे हमखास लागतं.

आत काय चालतं ते थोडक्यात. डब्यात तीन चाकं. पंप, म्हणजे इम्पेलर, फ्लेक्सप्लेटला (इंजिनाच्या मागच्या टोकाची पातळ चकती) बोल्टने बांधलेला म्हणून इंजिनाबरोबर फिरतो. टर्बाइन गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवर. मधे स्टेटर, जो वन-वे क्लचवर, म्हणजे एकाच दिशेने फिरू देणाऱ्या क्लचवर, बसलेला असतो. पंप तेल फेकतो, टर्बाइन ते झेलतो, आणि परत येणाऱ्या तेलाची दिशा स्टेटर वळवतो, त्यातून टॉर्क वाढतो. हे मूळचं डोकं हर्मन फॉटिंगर या जर्मन इंजिनिअरचं, पेटंट १९०५ चं, आणि तेही जहाजासाठी, कारमध्ये ते नंतर आलं. आता ब्रेक दाबून डी मध्ये टाकून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला, तर टर्बाइन थांबलेला, पंप फिरतोय, आणि एका आरपीएमला येऊन इंजिन अडकतं, त्याच्या वर जातच नाही. तोच स्टॉल. त्या क्षणाला टॉर्क साधारण १.८ ते २.५ पट होऊन गिअरबॉक्सला मिळत असतो. गाडी निघाली, टर्बाइनचा वेग पंपाच्या ८५-९० टक्क्यांपर्यंत आला, की स्टेटर मोकळा फिरायला लागतो आणि टॉर्क वाढणं बंद. त्यानंतर कन्व्हर्टर नुसता तेलाचा क्लच.

हे कळलं की आकड्याचा खेळ सोपा आहे. कन्व्हर्टर तोच ठेवला आणि इंजिनाचा टॉर्क वाढवला तर स्टॉल टॉर्कच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. समजा एक कन्व्हर्टर ३०० न्यूटन मीटरच्या इंजिनामागे २४०० ला स्टॉल होतो. तोच ४०० वाल्यामागे बसवला तर २४०० गुणिले ४०० भागिले ३०० चं वर्गमूळ, म्हणजे जवळपास २७७०. ४५० वाल्यामागे २९४०. एकच डबा, तीन गाड्या, तीन स्टॉल. आणि एक खोच आहे, टॉर्क पीकचा धरायचा नाही, त्या स्टॉलच्या आरपीएमला इंजिन जेवढा देतं तेवढा धरायचा. ४२०० ला ५०० देणारं इंजिन २५०० ला कदाचित ४०० च देत असेल. म्हणून डायनोचा, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, ग्राफ लागतो, ब्रोशरवरचा पीक आकडा इथं काही कामाचा नाही. डायनो आपल्याकडं जवळ नाही, पुणे-मुंबईला जावं लागतं, पण कन्व्हर्टरवर एवढा पैसा घालणार असाल तर तो एक चक्कर वसूल होतो.

डब्याच्या व्यासाचं तर विचारूच नका. आतली रचना तीच ठेवून व्यास कमी केला तर स्टॉल व्यासाच्या अडीच घाताने वाढतो. १२ इंचाचा १० इंच केला की स्टॉल जवळपास दीडपटीच्या वर जातो, १.५८ पट. म्हणून हाय-स्टॉल कन्व्हर्टर दिसायला छोटे असतात, आणि छोटा म्हणजे आत तेल कमी, म्हणजे लवकर तापणार. व्यास तोच ठेवून पात्यांचा कोन आणि स्टेटर बदलूनही स्टॉल हलवता येतो आणि रोजच्या गाडीला मला तो रस्ता जास्त पटतो, पण ते काम करणारा माणूस तयारीचा लागतो.

टर्बोवाल्यांसाठी वेगळं. ब्रेकवर उभं असताना बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबून भरलेली हवा, नसतो, समजा इंजिन १८० न्यूटन मीटर देतंय आणि काटा २००० ला अडकलाय. तिथं बूस्ट यायला लागला, टॉर्क ३५० झाला, तर तोच कन्व्हर्टर आता २७९० पर्यंत सोडेल. म्हणजे तुमच्या गाडीचा स्टॉल एक नाहीच, दोन आहेत. महत्त्वाचा पहिला, बूस्ट नसतानाचा. तो टर्बो जागा होतो त्या आरपीएमच्या थोडा वर हवा, नाहीतर सिग्नल हिरवा होतो, तुम्ही दाबून बसलात आणि गाडी विचार करत बसली. पण तो वर नेण्याच्या नादात बूस्टवरचा स्टॉल ३५०० ला पोचला तर गाडी रोज वापरायच्या लायकीची राहत नाही. टर्बोचा कन्व्हर्टर नेहमी बनवणाऱ्याशी बोलूनच ठरवायचा, कॅटलॉगमधून कधीच नाही.

आता खरी गोष्ट, उष्णता. कन्व्हर्टरमध्ये जेवढी घसरण, म्हणजे पंप आणि टर्बाइनच्या वेगात जेवढा फरक, तेवढी उष्णता, आणि ती सगळी एटीएफमध्ये, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलात. ३०० न्यूटन मीटरचं इंजिन २४०० ला ब्रेकवर धरलं तर ७५ किलोवॅट निघतात आणि चाकं थांबलेली असल्यामुळे सगळेच्या सगळे तेलात जातात. आंघोळीचं पाणी तापवायचा बादलीतला रॉड १५०० वॅटचा असतो, असे ५० रॉड त्या तीन-साडेतीन लिटर तेलात एकदम टाकल्यासारखं. ढोबळ हिशोबाने सेकंदाला दहा-बारा अंश तापमान चढतं. म्हणून स्टॉल टेस्ट पाच सेकंदांच्या वर कधीही करायची नाही आणि केल्यावर न्यूट्रलला आयडलवर ठेवून तेल फिरू द्यायचं. सरळ हायवेवर ९०-१०० ला गाडीला २० किलोवॅट लागत असतील आणि लॉक-अप (पंप आणि टर्बाइन जोडणारा आतला क्लच, पुढे सांगतो) नसताना ८ टक्के घसरण असेल तर दीड किलोवॅटच्या आसपास, एक रॉड, ते चालतं. पण घाटात ५० किलोवॅट लागतायत आणि कन्व्हर्टर ८० टक्के एफिशिएन्सीला चाललाय तर १० किलोवॅट सतत तेलात, मिनिटामागून मिनिट. आता याच्यावर भुसावळचा मे महिना टाका, बाहेर ४५ च्या वर, एसी फुल, कंडेन्सर आधीच गरम हवा मागे फेकतोय. अमेरिकेतल्या थंड गावातल्या माणसाने व्हिडिओत सांगितलेला ३२०० चा स्टॉल आपल्याकडं तसाच उचलायचा नाही तो याच्यासाठी.

एवढं वाचून एकच गोष्ट करणार असाल तर ही करा, कन्व्हर्टरच्या आधी एटीएफ कूलर घ्या. स्टॅक्ड प्लेटचा (एकावर एक चपट्या प्लेटांचा), ट्यूब-फिनचा (वाकवलेल्या नळीचा) नको. रेडिएटरच्या टाकीत जो कूलर असतो त्याच्या भोवतीचं कूलंटच ९०-१०० ला असतं, मग तो तेलाला त्याच्या खाली नेणार कसा? म्हणून ओळ अशी लावायची: गिअरबॉक्समधून गरम तेल आधी रेडिएटरच्या टाकीत, तिथून बाहेरच्या कूलरमध्ये, मग परत गिअरबॉक्सला. उलटी लावली तर थंड झालेलं तेल परत गरम करून आत जातं, आणि हे उलटं लावलेलं मी चांगल्या चांगल्या गॅरेजात पाहिलंय. डिसेंबर-जानेवारीत तापीकाठी सकाळी चांगलीच थंडी असते तेव्हा तेल जास्त थंड राहू नये म्हणून थर्मोस्टॅटवाला बायपास असलेला बरा. आणि कूलर कंडेन्सरच्या पुढे लावताना एसीच्या हवेला अडथळा होणार नाही अशी जागा बघा, नाहीतर तेल थंड आणि घरची मंडळी गरम.

तेलाचं तापमान डोळ्यांसमोर हवंच. बऱ्याच गाड्यांत ओबीडीचा, म्हणजे डॅशबोर्डखालच्या तपासणीच्या सॉकेटचा, छोटा स्कॅनर लावून मोबाइलवर दिसतं, नसेल तर पॅनमध्ये सेन्सर टाका. ८० ते ९५ मध्ये बिनधास्त. ११० ला पाय सैल करा. १२० च्या वर गेलं की गाडी जरा बाजूला घेऊन न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवा, बंद करायचं नाही, बंद केलं तर तेल फिरणं थांबतं. चाळीसगाववरून कन्नडचा घाट चढताना केळीचा नाहीतर कापसाचा टेम्पो पुढे असेल, ओव्हरटेकला जागा नसेल, गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरात पंधरा-वीसच्या स्पीडने रांगत असेल, ती खरी परीक्षा. ड्रॅग स्ट्रिप नाही. वाऱ्याचा झोत नाही, लॉक-अप लागायला स्पीड नाही, आणि कन्व्हर्टर पूर्ण वेळ घसरतोय. तिथं स्कॅनरवर ८८ चे ९६, ९६ चे १०४ असे आकडे पळायला लागतात, तेव्हा कूलरचे पैसे का घातले ते कळतं. धुळे-सुरतवाल्यांना कोंडाईबारी आणि शिरपूरहून इंदूरकडं जाणाऱ्यांना बिजासन घाट, तेच.

घाट उतरताना दुसरी भानगड. सैल कन्व्हर्टरमध्ये इंजिन ब्रेकिंग कमी मिळतं, कारण चाकाकडून इंजिनाकडं जोर जातानाही तेलातच घसरण होते. लॉक-अप लागलेलं असलं तर मिळतं. स्टॉक गाडीत दुसऱ्या गिअरला टाकून निवांत उतरायची सवय असते, कन्व्हर्टर बदलल्यावर त्याच गिअरात गाडी पळते आणि ब्रेकवर जोर येतो. पहिल्यांदा उतरताना हे ध्यानात ठेवा, ब्रेक पॅड चांगले ठेवा.

लॉक-अप नसलेला कन्व्हर्टर रोजच्या गाडीला घेऊच नका, कितीही स्वस्त मिळाला तरी. लॉक-अप म्हणजे आतला क्लच, जो ठराविक स्पीडनंतर पंप आणि टर्बाइन एकमेकांना पक्के चिकटवतो, घसरण शून्य, उष्णता शून्य, मायलेज परत. ३००० स्टॉल असून लॉक-अप असेल तर हायवेवर गाडीला त्याचं काही वाटत नाही. नसेल तर मात्र जुना नियम लागतो, क्रूझिंगचा आरपीएम स्टॉलच्या बराच खाली असेल तर कन्व्हर्टर कायम अर्धवट घसरत राहणार. तुमचा क्रूझिंग आरपीएम काढायला जास्त डोकं लागत नाही. टायरवर खडूने खूण करा, गाडी एक फेरा पुढे ढकला, टेपने अंतर मोजा. समजा २.३२ मीटर आलं. १०० च्या स्पीडला गाडी मिनिटाला १६६७ मीटर जाते, भागिले २.३२, म्हणजे चाक मिनिटाला ७१८ वेळा फिरतं. त्याला टॉप गिअरच्या रेशोने आणि फायनल ड्राइव्हने, म्हणजे गिअरबॉक्सनंतर चाकाकडच्या शेवटच्या रेशोने, गुणा. ०.६९ आणि ३.३१ असेल तर १६४०. हा आरपीएम लॉक-अप लागलेला असताना. म्हणजे जळगाव-धुळे फोरलेनवर गाडी १६४० ला चाललीय आणि तुम्ही २८०० चा स्टॉल टाकताय, तर लॉक-अप हा शौक नाही, गरज आहे. टॉर्क वाढवलेला असेल तर सिंगल क्लचऐवजी दोन-तीन प्लेटचा लॉक-अप मागा, नाहीतर क्लच घसरून रंबल स्ट्रिपवरून गेल्यासारखी थरथर येते आणि लॉक-अपच्या बिघाडाचा पी०७४१ कोड पडतो.

शहरात लॉक-अप लागत नाही, तिथं सैलपणा जाणवणारच. जळगावात आकाशवाणी चौक ते इच्छादेवी चौक संध्याकाळी सातला गाडी काढून बघा म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबला की इंजिन आधी ओरडतं, मग गाडी सरकते. मायलेज शहरात थोडं खाली येणार. बाजूला बसलेल्या आईला नाहीतर बायकोला वाटणार की गाडी बिघडली. चांगल्या बांधणीच्या कन्व्हर्टरमध्ये हे कमी असतं, कारण स्टॉल जास्त असूनही हलक्या पायाला तो घट्ट वागतो आणि पूर्ण दाबल्यावरच वर उडतो. स्वस्तातला कन्व्हर्टर आणि चांगला कन्व्हर्टर यात खरा फरक हाच, आकडा दोघांवर ३००० च असतो. धुळ्याच्या एका पोराने असाच नुसता आकडा बघून ऑनलाइन मागवला, विकणाऱ्याने वजन, टायर, कॅम काही विचारलं नाही. बसवल्यावर गाडी ४० च्या स्पीडलाही सतत २५०० वर बोंबलत होती, शेवटी स्टॉक परत टाकला. जो विकणारा प्रश्न विचारत नाही त्याच्याकडून घ्यायचं नाही, बस्स.

मग स्टॉल किती? माझं मत सांगतो. रोज चालवायची गाडी, कॅम स्टॉक, टर्बो नाही, तर स्टॉकच्या वर ४०० ते ८०० आरपीएम, त्यापुढे नको. स्टॉक स्टॉल बहुतेक गाड्यांत १६०० ते २२०० च्या मधे असतो, म्हणजे स्टॉक २००० चा असेल तर तुमचं काम २४००-२८०० मध्येच होणार. कॅम बदलला असेल तर कॅमच्या कार्डावर पॉवर रेंज लिहिलेली असते, समजा २२०० ते ६२००, तर सुरुवातीच्या आकड्यात ५०० मिळवा, २७०० झाले. कॅम फार मोठा नसेल आणि लॉक-अप पक्का असेल तर ३००० पर्यंत रोजच्याला चालतं. त्याच्या वर कुणी म्हणालं की मी रोज चालवतो, तर विचारा कुठल्या गावात चालवतो आणि मे मध्ये चालवतो का. दोन आकड्यांत अडकलात तर खालचा घ्या. वजनदार गाडी, मोठे टायर, फायनल ड्राइव्ह लांब (रेशोचा आकडा लहान), यातलं काहीही असेल तर कन्व्हर्टरवर ओझं जास्त येतं, घसरण वाढते, मग अजून थोडं खाली या.

स्टॉलइतकाच दुसरा आकडा आहे जो कुणीच विचारत नाही, स्टॉल टॉर्क रेशो, म्हणजे स्टॉलला टॉर्क किती पट होतो ते. २.४ वाला जागेवरून झटका जोरात देतो पण वर जाऊन जरा सैल राहतो, १.८ वाला सौम्य सुटतो आणि वर घट्ट धरतो. जड गाडी आणि मध्यम इंजिन असेल तर जास्त रेशो. हलकी गाडी, मागच्या चाकाला ताकद आणि इंजिन दणकट असेल तर कमी, नाहीतर पहिल्या पावसात सिग्नलवर मागचे टायर नुसते जागेवर फिरतील.

स्टॉल मोजण्याचेही प्रकार आहेत, विकणारे यातच गंडवतात. ब्रेकवर धरून जो मिळतो तो फूट-ब्रेक स्टॉल, तो बऱ्याचदा कमी येतो कारण चाकंच घसरतात, आणि नव्या गाड्यांत तर ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबला की कॉम्प्युटर ताकदच कापतो. गाडी थांबलेली असताना एकदम पूर्ण पाय दिल्यावर काटा जिथं उडी मारून क्षणभर टेकतो तो फ्लॅश स्टॉल. आणि ट्रान्स-ब्रेक, म्हणजे गिअरबॉक्सच आतून जाम करणारी रेसची सोय, वापरून मिळतो तो खरा स्टॉल, रोजच्या गाडीत ट्रान्स-ब्रेक नसतोच. विचारताना म्हणा, तुमचा आकडा फ्लॅशचा का फूट-ब्रेकचा? उत्तर अडखळलं तर समजून घ्या. आणि टेस्ट करायचीच असेल तर मोकळं मैदान, चाकाला दगडाची ओट, हँडब्रेक, समोर आणि मागे कुणी नाही. गल्लीत करू नका राव, पोरं खेळत असतात.

ऑर्डर देताना बनवणाऱ्याला हे सगळं एकाच मेसेजमध्ये द्या: गिअरबॉक्सचं नेमकं मॉडेल, इंजिन, डायनो ग्राफ, कॅम कार्ड, टर्बो असेल तर बूस्ट किती आणि कधी येतो, गाडीचं वजन माणसांसकट, टायरचा घेर, फायनल ड्राइव्ह, वापर कसा, आणि उन्हाळ्यात तापमान ४५ च्या वर जातं हे न विसरता. त्याच्याकडून लिहून घ्या की पंपाची पाती ब्रेझ केलेली, म्हणजे झाळून पक्की केलेली, आहेत का, आत थ्रस्ट वॉशरच्या जागी नीडल बेअरिंग आहेत का, लॉक-अपला किती प्लेट, वॉरंटीत काय काय येतं. स्प्लाइनची (शाफ्टच्या दातांची) संख्या, पायलटचा (इंजिनाच्या बाजूला बसणाऱ्या पुढच्या टोकाचा) व्यास, बोल्ट किती आणि बोल्ट सर्कल किती हे तुमच्या फ्लेक्सप्लेटशी जुळतंय का ते परदेशातून मागवायच्या आधी बघा, कारण वीस किलोच्या आसपासचं लोखंड कस्टम ड्युटी भरून आणायचं आणि मग चार बोल्टच्या जागी तीन निघाले तर परत पाठवणं परवडत नाही. अमेरिकन जुन्या गिअरबॉक्सना, टीएच४००, ४एल६०ई, ४एल८०ई वगैरेंना, तयार पर्याय भरपूर. आपल्याकडच्या आयसिन कंपनीच्या गिअरबॉक्सना तयार हाय-स्टॉल फार मिळत नाहीत, तिथं स्टॉक डबा कापून, पाती वळवून, परत वेल्ड आणि बॅलन्स करून देणाराच शोधावा लागतो. बॅलन्स न करता कुणी देत असेल तर हात जोडून निघा. कंपनीची वॉरंटी या कामानंतर गेली समजा.

बरेच कन्व्हर्टर चालवून नाही, पहिल्याच दिवशी बसवताना मरतात. गिअरबॉक्स खाली घेतल्यावर जुन्या कन्व्हर्टरचा कचरा कूलरमध्ये आणि पाइपात राहिलेला असतो तो फ्लश करा, आधीचा क्लच जळून गेला असेल तर जुना कूलर सरळ फेकून द्या. नव्या कन्व्हर्टरमध्ये साधारण लिटरभर एटीएफ आधीच ओता, सीलला आणि हबला तेल लावा. मग उभा धरून शाफ्टवर सरकवत फिरवायचा, आणि तो तीन टप्प्यांत आत बसतो: इनपुट शाफ्टचे दात, स्टेटर सपोर्टचे दात, आणि शेवटी पंपाचे कान. प्रत्येक वेळी खट् करून थोडा आत जातो. दोन खट् झाले आणि मिस्त्री म्हणाला बसला, तर बसलेला नाही. बेल हाउसिंगच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या कवचाच्या, तोंडावर पट्टी आडवी ठेवून व्हर्निअरने खोली मोजा, बनवणाऱ्याने दिलेल्या मापाशी जुळवा. गिअरबॉक्स इंजिनाला लागल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपर्यंत ३ ते ५ मिलिमीटर पुढे ओढावा लागला पाहिजे. हे अंतर नसेल तर थांबा. बेल हाउसिंगचे बोल्ट आवळून गिअरबॉक्स इंजिनाकडं ओढून घेणारे मिस्त्री असतात, बोल्ट आवळले जातात, सगळं बसल्यासारखं दिसतं आणि आत पंप फुटतो. तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही माणूस.

तेल गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच, डब्ल्यूएस असेल तर डब्ल्यूएस, मर्कॉन एलव्ही असेल तर मर्कॉन एलव्ही, लाइफगार्ड असेल तर लाइफगार्ड. मल्टी-व्हेइकल म्हणून मिळणारं काहीही लॉक-अप असलेल्या नव्या कन्व्हर्टरमध्ये टाकू नका. लेव्हल इंजिन चालू असताना, तेल सांगितलेल्या तापमानाला आल्यावरच बघायची. नव्या गिअरबॉक्सना टीसीयूचं, म्हणजे गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरचं, ट्यूनही लागतं, कारण कॉम्प्युटरला जुनाच कन्व्हर्टर माहीत असतो, त्याला घसरण जास्त दिसली की तो गोंधळतो, गिअर उशिरा टाकतो किंवा कोड पाडतो. ट्यूनमध्ये लॉक-अप कुठल्या गिअरात आणि कुठल्या स्पीडला लागायचा ते खाली आणून घ्या, चौथ्या गिअरात ५० ला लागला तर शहराबाहेर पडल्या पडल्या तेल थंड व्हायला लागतं. पूर्ण पाय दिल्यावर लॉक-अप सुटायचा का धरून ठेवायचा हेही ठरवा, क्लच साधा असेल तर सुटू द्या.

पहिले ५०० किलोमीटर पाय हलका ठेवा, स्टॉल दाखवायला मित्रांना बोलवू नका. त्यानंतर पॅन उघडून चुंबक बघा, राखाडी बारीक गाळ असेल तर चालतं, तो नव्या क्लचचा असतो, पण चकाकणारे कण किंवा पितळी रंगाचे तुकडे दिसले तर गाडी तिथंच उभी करून बनवणाऱ्याला फोटो पाठवा. फिल्टर आणि तेल बदला, परत लेव्हल करा, आणि मग धुळ्याजवळच्या लळिंगच्या चढावर एकदा, स्कॅनर लावून.